चैत्रातला बर्फ : गाव कसं निवडावं?

म्युनिकहून एका वाचक-मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. माहेर-सासर दोन्ही सांगलीचं, लग्नानंतर चौदा वर्षं जर्मनीत. आपलं साप्ताहिक तिच्या आईकडे येतं, आणि आई या सदराच्या पानाचा फोटो काढून लेकीला पाठवते. पत्रातला मुख्य भाग असा :

“आम्ही चौघं गेली तीन वर्षं हिवाळ्यात स्कीइंग शिकतो आहोत. पट्टीचे नाही, पण अगदी नवशिकेही नाही. यांना आणि बारा वर्षांच्या लेकीला लाल उतार जमतात. आठ वर्षांचा मुलगा निळ्यावर मजेत असतो. मीही निळ्यावर बरी आहे. लाल पाटी दिसली की मात्र पाय लटपटतात. यांना फेब्रुवारीत रजा मिळत नाही, म्हणून आम्हाला ईस्टरचीच सुट्टी सोयीची. गेल्या ईस्टरला घराजवळचं, स्वस्तातलं गाव घेतलं. हिरव्या गवतातून पांढरी पट्टी काढावी एवढाच बर्फ उरला होता. सकाळी काच, दुपारी चिखल! तिसऱ्या दिवशी मी पडले, गुडघा मुरगळला आणि उरलेली सुट्टी खोलीत बसून काढली. या वर्षी सासूबाईही येणार आहेत. हे म्हणतात, सरळ उंचावरच्या हिमनदीवरच जाऊ. मी म्हणते, तुम्ही तिघं जा, मी आईंजवळ खालीच थांबते. काय करावं?”

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, आम्हाला मेल्या उन्हात पाण्याची चिंता, आणि ही बर्फाचं काय विचारते आहे! पण आपल्यापैकी किती जणींच्या लेकी-सुना आज म्युनिकला, झुरिकला, लंडनला आहेत. एप्रिलात तिकडे जाणाऱ्या आयाही पुष्कळ. शिवाय सुट्टीचा बेत महाबळेश्वरचा असो की आल्प्सचा, घरातल्या बाईनं “मी थांबते, तुम्ही जा” म्हणायचं, हे काही आपल्याला नवीन नाही. तेव्हा हे पत्र सगळ्यांसाठीच घेते.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी एवढंच, की युरोपात बर्फाच्या उतारांना रंग दिलेले असतात. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो. वर जायला खुर्च्यांची लिफ्ट किंवा रोप-वे, आणि खाली यायला आपले पाय. आता मुद्द्याकडे येऊ.

आधी कॅलेंडर काढा

ईस्टर म्हणजे ठरलेली तारीख नव्हे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा तो हिशेब आहे. म्हणजे आपली होळीची किंवा हनुमान जयंतीची पौर्णिमा गेली, की पाठोपाठ बहुधा ईस्टर येतो. म्हणूनच २०२५ साली तो २० एप्रिलला आला, २०२६ साली ५ एप्रिलला. २०२७ मध्ये २८ मार्चला आहे, आणि २०२८ मध्ये १६ एप्रिलला. तीन-तीन आठवड्यांचा फरक! मार्चअखेरीस जे गाव उत्तम, तेच एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात चिखलाचं होऊ शकतं. तेव्हा “शेजारीण गेल्या ईस्टरला गेली होती, छान बर्फ होता” या शिफारशीवर जाऊ नका. ती कुठल्या तारखेला गेली होती, ते विचारा.

दुसरी तारीख पाहायची ती लिफ्ट बंद होण्याची. पुष्कळ ठिकाणी बर्फ असतो, पण पाहुणे कमी झाले म्हणून लिफ्ट बंद करतात. शेवटच्या आठवड्यात तर निम्म्या लिफ्ट आधीच थांबलेल्या असतात आणि पासाचे पैसे मात्र द्यावे लागतात. आपली सुट्टी बंद होण्याच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी संपेल, असं गाव बघा.

शिखराची नव्हे, गावाची उंची पाहा

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो शिखराचा आकडा. तीन हजार मीटर! वाचणाऱ्याला वाटतं, एवढ्या उंचीवर बर्फ असणारच. असतो हो, पण तुमच्या आठ वर्षांच्या मुलाची स्कीची शाळा शिखरावर नसते. ती बहुतेक गावाजवळ असते.

साधं गणित लक्षात ठेवा. दर हजार मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होते. सातशे मीटरवरच्या गावात दहा अंश असतील, तर एकोणीसशे मीटरवर दोनच्या आसपास. एका ठिकाणी गवत उगवतं, दुसऱ्या ठिकाणी बर्फ टिकतो. उंचीचा अंदाज यावा म्हणून सांगते, आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे. एप्रिलात जायचं तर राहायचं गावच कळसूबाईहून उंच असावं.

कमी उंचीच्या गावात आणखी एक त्रास. वरचा भाग पांढरा असतो आणि खालचा वितळलेला, त्यामुळे संध्याकाळी सगळ्यांना रोप-वेनेच खाली यावं लागतं. चार वाजता ही रांग! मुलं दमलेली, बूट ओले, आणि सगळ्यांच्या काठ्या-पट्ट्या कोणाच्या खांद्यावर? ते मी सांगायला नको.

यंत्रानं पाडलेल्या बर्फावरही फार भिस्त ठेवू नका. ते यंत्र चालायला गोठवणारी थंडी लागते. एप्रिलात खालच्या गावांत तशा रात्री थोड्या. तिथं दिसतो तो हिवाळ्यात पाडून ठेवलेला साठा.

ऊन कुठून येतं?

चैत्रात आपण गच्चीवर पापड-कुरडया घालतो तेव्हा ऊन कुठल्या कोपऱ्यात जास्त वेळ असतं हे आपल्याला न सांगता कळतं. तेच डोकं इथं लावायचं. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार दिवसभर उन्हात असतो. जानेवारीत तो हवाहवासा वाटतो, एप्रिलात त्याचा चिखल होतो. उत्तरेकडचा उतार सावलीत राहतो, बर्फ धरून ठेवतो. “आमचे उतार भरपूर सूर्यप्रकाशाचे” असं लिहिलेलं दिसलं, तर डिसेंबरसाठी लक्षात ठेवा आणि एप्रिलसाठी पुढचं पान उलटा.

हिमनदी म्हणजे रामबाण नव्हे

पत्रातल्या यजमानांचं म्हणणं अगदीच चूक नाही. हिमनदीवर बर्फाची खात्री असते. ऑस्ट्रियातल्या हिन्टरटुक्सला तर बारा महिने स्कीइंग चालतं. लिफ्ट जाते ३२५० मीटरपर्यंत. हिमनदीवरचे पुष्कळ उतार रुंद आणि बेताचे असतात, हेही खरं.

पण तिथं झाड नाही, आडोसा नाही. वारा सुटला की लिफ्ट बंद. ढग उतरले की वर-खाली सगळं पांढरं, उतार कुठे संपतो ते दिसत नाही. सराईत माणूस धीर धरतो. ज्याचे पाय आधीच लटपटतात त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. शिवाय हिन्टरटुक्स गाव १५०० मीटरवर आहे, आणि गावापर्यंत उतरणारी वाट काळी. म्हणजे तुम्हाला येता-जाता रोप-वेच. हवा बिघडली की दिवस फुकट. हिमनदी जवळपास असावी. सगळी सुट्टी तिच्या भरवशावर ठेवू नये.

तीन गावं

म्युनिकहून गाडीनं जाण्यासारखी, आणि तुमच्यासारख्या मधल्या पायरीवरच्या कुटुंबाला मानवणारी अशी ही गावं आहेत.

ओबरटाउर्न हे साल्झबुर्ग प्रांतात, सुमारे १७४० मीटरवर. घाटमाथ्यावरचं गाव, भोवती ताटलीच्या काठासारखे डोंगर, आणि त्या डोंगरांवरून गावाभोवती गोल फिरता येतं. दारातच बर्फ. १९६५ च्या मार्चमध्ये बीटल्स मंडळींनी आपल्या ‘हेल्प!’ चित्रपटाचं चित्रीकरण इथं केलं होतं. निळे-लाल उतार भरपूर, आणि गावाभोवतीच फिरायचं असल्यानं कोणी हरवत नाही. ईस्टर मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असेल, तर हे गाव बेलाशक घ्या. लिफ्ट जेमतेम २३०० मीटरपर्यंत जातात, म्हणून एप्रिलच्या उत्तरार्धासाठी मी ते पहिलं धरणार नाही.

ओबरगुर्गल हे टिरोल प्रांतातल्या अट्झ खोऱ्याच्या अगदी टोकाला, १९३० मीटरवर. १९३१ साली प्राध्यापक ओग्युस्त पिकार बलूनमधून आकाशात विक्रमी उंचीवर जाऊन आले, ते उतरले याच गावाजवळच्या हिमनदीवर. त्यानंतर गावाचं नाव जगभर झालं. इथले पुष्कळसे उतार उत्तर-वायव्येकडे तोंड करून आहेत, लिफ्ट तीन हजार मीटरच्या थोड्या वरपर्यंत जाते आणि बर्फ गावापर्यंत टिकतो. गाव लहान, शांत, रात्रीचा धांगडधिंगा कमी. खिशाला मात्र हलकं नाही. ईस्टर उशिराचा असेल तर हेच.

तिसरा पर्याय हात राखून खर्च करणाऱ्यांसाठी. त्याच खोऱ्यात खाली लेंगनफेल्ड नावाचं गाव आहे, ११८० मीटरवर. तिथं राहायचं आणि बसनं कधी ओबरगुर्गलला, कधी झोल्डनला जायचं. झोल्डनला दोन हिमनद्या आहेत. यजमानांची आणि लेकीची हौस एका दिवसात भागेल. लेंगनफेल्डला गरम पाण्याचं मोठं स्नानगृह आहे, दुखऱ्या अंगाला फार बरं. (एक सूचना: तिथं सौनाचा भाग वेगळा असतो आणि त्यात कपडे न घालण्याची पद्धत आहे. पाटी वाचूनच दार उघडा!) राहण्याचा खर्च कमी होतो, पण रोज सकाळी पाचजणांना बसला घालायचं असतं. ती तारांबळ सोसेल का, हे आपलं आपण ठरवावं.

लंडनच्या किंवा झुरिकच्या मैत्रिणींसाठी दोन नावं. फ्रान्समधलं व्हाल तोरेन्स गावच २३०० मीटरवर आहे, युरोपातलं सर्वांत उंच स्कीचं गाव. आणि स्वित्झर्लंडमधलं त्सेरमाट, जिथं पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आहे, रोप-वे ३८८३ मीटरपर्यंत नेतो आणि स्की न करणाऱ्यांना गोर्नरग्राटच्या आगगाडीतून ३०८९ मीटरवर जाता येतं. ती आगगाडी १८९८ पासून चालू आहे. दोन्ही ठिकाणी खर्च दणदणीत.

आणि पैसे गुंतवण्याआधी रंगीत तालीम हवी असेल, तर म्युनिकच्या मैत्रिणीनं मार्चमध्ये एक दिवस झुगश्पिट्झेला जाऊन यावं. १९३० पासून आगगाडी वर जाते आणि साधारण २००० ते २७०० मीटरच्या पट्ट्यात स्की करता येतं. तिथल्या दोन हिमनद्यांपैकी दक्षिणेकडची एक २०२२ साली शास्त्रज्ञांनी हिमनद्यांच्या यादीतून काढून टाकली, इतकी ती वितळली आहे. दहा-वीस वर्षांपूर्वीचे अनुभव आज का लागू पडत नाहीत, ते यावरून कळेल.

सकाळी काच, दुपारी चिखल

तुमच्या पत्रातलं हे वाक्य अगदी नेमकं आहे. वसंतातला बर्फ रात्री गोठतो, सकाळी काचेसारखा कडक असतो, दहाच्या सुमारास वरचा थर मऊ होतो आणि दोन-अडीच तास लोण्यासारखा राहतो. मग जड, ओला लगदा होतो. उंच गावात हेच घडतं, फक्त लगद्याची वेळ उशिरा येते. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हापासून बर्फही घड्याळानुसार तासभर उशिरा मऊ होतो.

म्हणून पहिल्या लिफ्टसाठी धावपळ करू नका. सावकाश नाश्ता करा, साडेनऊ-दहाला निघा, दीडपर्यंत आटपा. पुन्हा “एकच फेरी” नको. गुडघे मुरगळतात ते बहुतेक या शेवटच्या फेरीत. पाय दमलेले, बर्फ जड, पट्टी रुतते, शरीर पुढे आणि पाय मागे. गुडघ्यातला स्नायुबंध तुटण्याचं प्रमाण या खेळात पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आहे, हे डॉक्टरांनी पुष्कळदा दाखवून दिलं आहे. काही ठिकाणी तासांवर किंवा अर्ध्या दिवसाचा पास मिळतो. चौकशी करा, पैसेही वाचतील.

आणि एक नाजूक गोष्ट. भाड्यानं स्की घेताना दुकानदार वजन विचारतो. तिथं खरं वजन सांगा! बूट ज्या कडीत अडकतो, ती पडल्यावर कधी सुटायची हे वजन, उंची, वय आणि कसब पाहून ठरवतात. दहा किलो चोरले तर कडी भलत्या वेळी सुटेल; “मला छान येतं” अशी फुशारकी मारली तर ती वेळेवर सुटणार नाही, आणि भुर्दंड गुडघ्याला. यजमानांना दुकानाबाहेर उभं करा हवं तर, पण आकडा खरा सांगा. पट्ट्यांना वसंतातल्या ओल्या बर्फाचं मेण लावून द्या, असंही तिथंच सांगा. मग पट्ट्या चिकटत नाहीत.

थांबायचं कोणी?

आता मूळ प्रश्न. “मी आईंजवळ थांबते” हा विचार आधी मनातून काढा. सासूबाई सांगलीहून इतक्या लांब आल्या त्या सुनेला खोलीत बसलेली बघायला नव्हे. त्यांनाही ओझं झाल्यासारखं वाटेल, आणि तुमचा गुडघा बरा झाला तरी मनातली भीती तशीच राहील. पुढल्या वर्षी मुलगाही लाल उतारावर जाईल आणि मग घरात तुम्ही एकट्याच “आम्हाला नाही हं जमत” म्हणणाऱ्या. हे होऊ देऊ नका.

माझं ऐकाल, तर खर्चाची यादी करताना पहिली रक्कम तुमच्या शिकवणीची लिहा. रोज सकाळी दोन तास एखादी शिक्षिका फक्त तुमच्यासाठी, निदान पहिले दोन दिवस. नवऱ्याकडून शिकू नका. गाडी शिकताना काय झालं होतं ते आठवा. त्या वेळात मुलगा स्कीच्या शाळेत आणि बाप-लेक लाल उतारावर. बारा वाजता एका ठरलेल्या टपरीवर सगळ्यांनी भेटायचं. जेवणानंतर एकच फेरी सगळ्यांनी मिळून, निळ्या उतारावरून. सर्वांत हळू जाणारीनं पुढे राहायचं आणि बाकीच्यांनी तिच्या मागून. बर्फावरचा नियमही हेच सांगतो : पुढे असलेल्याला सांभाळायची जबाबदारी मागून येणाऱ्याची.

निघायच्या सहा आठवडे आधीपासून रोज जिने चढा-उतरा आणि अर्ध्या बैठका काढा. मुरगळलेला गुडघा मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पट्टी पायाला लावू नका.

सासूबाईंसाठी खोली अशी घ्या, की खिडकीतून किंवा गच्चीतून उतार दिसेल. उन्हात खुर्ची टाकून नातवंडं येताना बघायची, यासारखं सुख नाही. या गावांत चालणाऱ्यांसाठी बर्फ दाबून केलेल्या सपाट वाटा असतात. बुटांना खाली लावायचे काटे मिळतात, ते घ्या; साध्या चपला-बुटांवर पाऊल टाकू देऊ नका. रक्तदाब असेल तर रोप-वेनं एकदम तीन हजार मीटरवर नेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

स्वयंपाकघर आणि सामान

स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर उत्तम. एकोणीसशे मीटरवर पाणी ९३-९४ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर न्या. शेगडी इंडक्शनची असेल तर कुकरच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं का, ते घरीच पाहा. भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, तांदूळ, लिंबाचं लोणचं एवढं असलं की संध्याकाळची काळजी नाही. ऑस्ट्रियात रविवारी आणि ईस्टरच्या सोमवारी बहुतेक दुकानं बंद असतात. दूध-पाव शनिवारीच भरा.

डोंगरावरच्या खानावळीत गेर्मक्न्योडेल नावाचा एक उकडलेला गोळा मिळतो. आत प्लमचा मुरंबा, वर खसखस-साखर. मुलांना फार आवडतो. अंडं चालत नसेल तर विचारून घ्या.

ओले बूट तापकावर ठेवू नका. आतलं अस्तर बाहेर काढा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, आपण पावसाळ्यात करतो तसेच. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. दुपारी एकेक काढता येतो. हातमोज्यांचा जादा जोड प्रत्येकाला. डोक्यावर हेल्मेट लहान-मोठ्या सगळ्यांच्या. ताजा बर्फ ऊन जवळजवळ ऐंशी टक्के परतवतो, म्हणून मलम नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीही लावा. डोळ्यांना गडद चष्मा हवाच, आजींनासुद्धा.

गाडीनं जात असाल तर १५ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रियात बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. हमरस्त्याचा पास आधी घ्या. आणि विम्याचा कागद नीट वाचा: डोंगरावरून हेलिकॉप्टरनं आणायची वेळ आली तर तो खर्च नेहमीच्या आरोग्यविम्यात बसत नाही. वेगळा विमा थोड्या पैशांत मिळतो.

आणि आपल्याकडे?

काश्मीरचा बेत करणाऱ्यांनी विचारलं म्हणून थोडक्यात सांगते. गुलमर्ग २६५० मीटरवर आहे. २०२४ च्या जानेवारीत तिथं बर्फच नव्हता, आणि २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. तेव्हा मार्च वाईट नाही. पण रोप-वेच्या दुसऱ्या टप्प्यावरचे, सुमारे ३९५० मीटरवरून उतरणारे डोंगर यंत्रानं दाबून तयार केलेले नसतात, आणि हिमकडे कोसळण्याचा धोका असतो. मधल्या पायरीच्या कुटुंबानं तिथं देखावा पाहावा आणि रोप-वेनेच परत यावं. शिकायचंच असेल तर खालच्या उतारांवर, जाणत्या शिक्षकाबरोबर. १९६८ पासून तिथं सरकारी स्कीइंग संस्था आहे, तिच्या वर्गांची चौकशी करा.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

१. गावाची उंची किती? स्कीची शाळा किती उंचीवर भरते?
२. लिफ्ट कोणत्या तारखेला बंद होतात? आमच्या आठवड्यात किती चालू असतील?
३. आमच्या तारखांना गेल्या दोन-तीन वर्षांत खोलीच्या दारापर्यंत बर्फ होता का?
४. वरून गावापर्यंत निळी वाट आहे का, की रोप-वेनेच यावं लागतं?
५. बर्फ नसेल तर आरक्षण किती दिवस आधीपर्यंत रद्द करता येतं?
६. ईस्टरला मुलांचा पास फुकट किंवा सवलतीत आहे का? (काही ठिकाणी असतो.)

सहाही उत्तरं लेखी घ्या. जो हॉटेलवाला चौथ्या प्रश्नाला “आमच्या इथं देखावा फार सुंदर आहे” असं उत्तर देतो, त्याच्याकडे देखावा बघायलाच जावं.

म्युनिकच्या मैत्रिणीला माझं सांगणं एवढंच, की मार्चअखेरचा ईस्टर असेल तर ओबरटाउर्न, एप्रिलच्या मध्यानंतरचा असेल तर ओबरगुर्गल. सात रात्रींऐवजी पाच घ्या आणि वाचलेले पैसे शिकवणीत घाला. यजमानांना एक दिवस हिमनदी द्या. बाकीचे दिवस निळ्या उताराचे. आणि हे सगळं त्यांना वाचून दाखवा, “सदरात छापून आलंय” म्हणून. छापलेल्याला मान असतो!

परत आल्यावर कळवा. गुडघ्याचं आणि सासूबाईंचंही.

पुढच्या आठवड्यात : उन्हाळ्यात मुलांना आजोळी एकटं पाठवताना. तुमचे अनुभव आणि प्रश्न जरूर पाठवा.